मांडी मोडल्याचा निरोप

बुधवार, ३ आक्टोबर १९२८

पुन्हा तेच. ज्येष्ठात सांगितलं, श्रावणात सांगितलं, की मी काही वासरू नाही, या दावणीचं सोडून त्या दावणीला बांधायला. तरी बाचा निरोप आलाच. मार्गशीर्षात मुहूर्त धरलाय, दोन दिवस आधी ये, रखमाजी आबाच्या मांडीवर बसायचं आहे. म्हणजे दत्तक जायचं आहे. मला कुणी विचारलं? कुणी नाही. बाला तीन ल्योक, त्याच्या चुलत भावाला, म्हणजे या आबाला, एकबी नाही. आबाच्या विहिरीला बारा महिने पाणी, आमच्या विहिरीत माघापासून बेडकं. मधला ल्योक द्यायचा ठरला. थोरला कामाचा, धाकटा अंबाजी लाडाचा, मधला मी.

आईनं तरी तोंड उघडावं. ती म्हणते, तेबी घरच हाय की.

इथं लोणावळ्यात, रेल्वेच्या गँगच्या झोपडीत, हे सांगावं कुणाला? हौशीराम आमच्याच मुलखातला, दहिवडीच्या अलीकडं त्याचं गाव. त्याला सांगितलं तर म्हणतो, माझ्यासाठीबी एखादा आबा बघ की लेका, इहिरीसकट. म्हणून वहीत लिहितो. तिसरीपर्यंत शिकलो, त्याचा एवढाच उपयोग.

रविवार, ७ आक्टोबर

आज काम बंद. आमचं काम म्हणजे लाइनीच्या कडेनं विजेच्या तारांचे खांब उभे करायचे. पुढच्या साली इंजिनं कोळशाशिवाय पळणार म्हणतात. पळू देत. मला पळणारं काहीही आवडतं.

हौशीरामबरोबर तुंगार्लीच्या तळ्यावर चढून गेलो. पाऊस सरला, कड्यांवर पिवळी फुलं. बंगलेवाल्यांची पोरं पाण्यात दगड मारत होती. हौशीराम मांडी घालून बसला तो बसलाच. मला बसवेना. मी तळ्याला फेरी मारून आलो तरी तो तसाच. म्हणाला, तुला एका जागी बसवायचं तर खिळा ठोकावा लागंल.

आबाची मांडी मला लहानपणापासून ठाऊक आहे. ओसरीवर बसून धोतर वर खोचायचा आणि उजव्या मांडीवर अंबाडीच्या दोऱ्या वळायचा. वळून वळून त्या मांडीवर केस उरला नव्हता. कातडी पाटासारखी गुळगुळीत. मी पोर असताना तिथं बोट फिरवायचो, तो हातानं झटकायचा, पण रागानं नाही. आता त्याची मांडी वाळून काठी झाली आहे. तिच्यावर मी बसायचं, एकवीस वर्षांचा, लोखंडी खांब खांद्यावर घेणारा. सगळा गाव दात काढणार. भटजी मंत्र म्हणत असतील आणि खालून आबाचं हाड वाजेल.

शुक्रवार, १९ आक्टोबर

हाड वाजलं, पण माझं.

गेल्या आठवड्यात खडीचा डबा लोणावळ्याच्या यार्डात येत होता. थांबायच्या आधी उडी मारायची माझी रोजची सवय. मुकादम रोज शिव्या देतो, मी रोज मारतो. त्या दिवशी पाय दोन स्लीपरांच्या मधे गेला आणि अंग पुढं गेलं. पाय तिथंच राहिला. आवाज झाला तो ऊस मोडल्यासारखा. दुखलं नंतर, आधी मी आवाजच ऐकत बसलो. दोष कुणाचा नाही. माझाच.

आता दवाखान्यात आहे. दामले डॉक्टर चौदा सालच्या लढाईत मेसापोटेम्याला होते, तिथं त्यांनी असली मोडकी हाडं पुष्कळ बघितली. त्यांनी पायाला लोखंडी चौकट घातली. वरचं कडं जांघेत, खाली दोन सळया पावलापुढं गेलेल्या. पावलाला दोरी, दोरी चाकावरून, टोकाला वाळूची पिशवी लोंबते. खाटेचं पायथ्याकडचं तोंड विटांवर चढवलंय. मी उलटा उतारावर निजलोय.

मी म्हणालो, डॉक्टर, पाय मोडला ना? ते म्हणाले, "पाय नाही. पाय म्हणजे गुडघ्याखालचा, त्यात दोन हाडं असतात, ती शाबूत आहेत. तुझं मांडीचं हाड मोडलंय. मांडीत एकच हाड असतं, आणि ते अंगातलं सगळ्यांत मोठं. नीट बोलावं."

हौशीराम दसऱ्याला गावी चालला होता, परवा भेटून गेला. मी त्याच्याकडं निरोप दिला. तो म्हणाला, सांगतो, पाय मोडलाय म्हणून. मी त्याला दटावलं. पाय नाही, मांडी. नीट सांग. "महिपतीची मांडी मोडली, आता येणं होत नाही, मार्गशीर्षाचंही सांगता येत नाही." त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. तो स्वतः आमच्या गावापर्यंत जाणार नाही, दहिवडीच्या बाजारात त्याच्या मेव्हण्याला सांगेल, मेव्हणा आमच्यात बैल बघायला जातो. शब्दाला शब्द सांग म्हणालो.

आता बघू कोण धावत येतं ते.

शुक्रवार, २६ आक्टोबर

कुणी आलं नाही. सणाचे दिवस आहेत.

डॉक्टरांनी आज कपाटातून खरं हाड आणून दाखवलं. कुणाचं म्हणून विचारलं नाही. हातात घेतलं तर हलकं. वरच्या टोकाला गोळा, लिंबाएवढा पण मोठ्या लिंबाएवढा, तो कमरेच्या वाटीत बसतो. गोळ्याखाली मान, ती तिरकी. खालच्या टोकाला दोन गाठी, त्यावर गुडघा. मला वाटायचं हाड सरळ असतं, खांबासारखं. तसं नाही. पुढच्या अंगाला जरासं वाकलेलं असतं, जू असतं तसं. डॉक्टर म्हणाले, ते वाकणं सांभाळून जोडावं लागतं. एकदम सरळ जोडलं तर माणूस चालतो पण उभा राहिल्यावर कुणालाही कळतं की काहीतरी चुकलं.

मी विचारलं, पिशवी कशाला? ते म्हणाले, "तुझ्या मांडीला मांस फार. हाड तुटलं की ते मांस आखडतं आणि तुटलेली टोकं एकावर एक चढवतं. जितका गडी जोरदार तितकं चढतं. पोर असतं तर एवढी वाळू लागली नसती. ही पिशवी तुझ्याच जोराशी झुंजतेय."

म्हणजे मला हाडानं नाही, माझ्याच जोरानं आखूड केलं असतं. हे मी तीनदा मनात म्हणून बघितलं.

रविवार, ४ नवंबर

शेजारच्या खाटेवर चाँदभाई शिंपी आले. तळेगाव दाभाड्याचे, दुकान इथं बाजारात. मांडीच्या आतल्या अंगाला केसतोड झालंय, लिंबाएवढं. मांडी घालता येत नाही म्हणून धंदा बंद. बायको जैतुनबी रोज भाकरी घेऊन येते आणि यांना रोज बोलते, की चार दिवस आधी आला असता तर कापावं लागलं नसतं.

डॉक्टर त्यांचं केसतोड बघताना मला म्हणाले, हे बघ, तुला दाखवतो. आणि चाँदभाईंच्याच मांडीवर बोटानं रेघ ओढली. कमरेच्या बाहेरच्या हाडापासून निघून तिरकी आत येऊन गुडघ्याच्या आतल्या बाजूला. अंगातला सगळ्यांत लांब स्नायू, पट्ट्यासारखा. मांडी घालताना तोच पाय आत वळवतो. त्याच्याच आडोशानं मोठी धमनी जाते, ती तुटली तर माणूस बघता बघता जातो. आणि पुस्तकात त्याचं नाव, शिंप्याचा स्नायू.

चाँदभाई उठूनच बसले. "आमचं नाव? किताबात?"

"हो. फार जुन्या काळी तिकडच्या विद्वानांनी ठेवलंय. शिंपी मांडी घालून बसतात म्हणून."

"म्हंजे तितंबी शिंपी असंच बसत व्हते."

"असंच."

चाँदभाईंनी मांडीवरची रेघ स्वतःच्या बोटानं पुन्हा ओढून बघितली. मग म्हणाले, "गिऱ्हाइकं पैसं वेळेवर देत व्हती का, तेवढं बघा किताबात."

डॉक्टर गेल्यावर ते मला म्हणाले, माझं पोरगं आता स्टुलावर बसून पायानं मशीन चालवतं. त्याचा तो पट्टा सुकणार. मग पुस्तकातलं नाव बदलावं लागंल.

शनिवार, १७ नवंबर

दिवाळी झाली. चाँदभाईंना सोडलं, तरी ते संध्याकाळी येऊन बसतात. जैतुनबीनं गुळाची चिक्की पाठवली. शालूबाईनं, म्हणजे इथं झाडलोट करते ती मावळातली बाई, नाणे गावाकडची, तिनं सणाच्या दिवशी माझ्या डोक्याला तेल चोळलं. म्हणाली, तुला हितं कोन हाय रं.

गावाकडनं कुणी आलं नाही. बा नाही, आई नाही, अंबाजीसुद्धा नाही. आबा तर नाहीच. ल्योक करून घ्यायला निघाले होते. पडल्या पडल्या एक गोष्ट ध्यानात येते, की दत्तक घेताना माणसं गड्याचं अंग बघतात. मोडका कोण घेणार.

आडवं पडलं की माणूस नको तेवढा विचार करतो. मांडी म्हणजे काय, हाच विचार करतोय. डॉक्टरांच्या हिशेबी एक हाड, पुढं चार स्नायू, मागं तीन, आत ओढणारे निराळे. आमच्या हिशेबी निराळंच. आई वाती वळायची ती मांडीवर. अंबाजीला निजवायची ती मांडीवर, आणि तो निजला की हलायची नाही, मुंग्या आल्या तरी. पंगतीला मांडी घालून बसतात, शेजारच्याच्या मांडीला मांडी लागली म्हणजे तो आपल्या बरोबरीचा. आजा मेला तेव्हा त्याचं डोकं आजीच्या मांडीवर होतं. एवढं सगळं त्या एका हाडावर. डॉक्टरांच्या पुस्तकात यातलं काही नसणार.

बुधवार, २१ नवंबर

हौशीराम आला. निरोपाला निरोप घेऊन आला. त्यानं जसा सांगितला तसा लिहितो.

रखमाजी आबाचा निरोप: "मोडली तर मोडली. जबरदस्ती कुणी केली व्हती? जितं हायस तितं सुखी ऱ्हा." आणि काकीनं, म्हणजे आबाच्या धोंडाबाईनं विचारलंय, थंडीचं पांघरूण हाय का?

बाचा निरोप: "तोंड दाखवू नको."

मी हौशीरामला पुन्हा म्हणायला लावलं. तो म्हणाला, शब्दाला शब्द हाय, तूच शिकवलंस.

माझी मांडी मोडली आणि आबा म्हणतो मोडली तर मोडली. उडी मारायची जबरदस्ती कुणी केली नव्हती हे खरं, पण हे बोलणं झालं? आणि जन्म दिला तो म्हणतो तोंड दाखवू नको. चांगलं आहे. आबाच्या विहिरीचं पाणी हवं होतं तोवर मी ल्योक.

शुक्रवार, २३ नवंबर

काही लिहायला नको वाटतं. डॉक्टर म्हणाले जेवत का नाहीस. हाडाला खायला लागतं.

ठरवलं. बरा झालो की मद्रासकडं निघून जायचं, तिकडंही लाइनी आहेत. गावाकडं पैसे पाठवणं बंद. बाला कळू दे.

रविवार, २ डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहिलं पाहिजे, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

शालूबाई फरशी पुसत होती, चाँदभाई खिडकीत बसले होते. मी पुन्हा तेच रडगाणं काढलं, की सख्खी म्हणवणारी माणसं मोडली तर मोडली म्हणतात. शालूबाईला आता पाठ झालं आहे. पण आज ती पुसता पुसता थांबली.

"तू निरोप काय दिलतास? जसा दिला तसा सांग."

"महिपतीची मांडी मोडली, आता येणं होत न्हाई, मार्गशीर्षाचंबी सांगता येत न्हाई."

"मांडी म्हनालास? पाय न्हाई?"

मी म्हणालो, पाय कुठं मोडलाय? पायाची दोन्ही हाडं शाबूत आहेत.

तिनं फडकं बादलीत टाकलं आणि मटकन खालीच बसली. "आरं येड्या. ज्या घरात तुला मांडीवर बसवायची बोलनी चाललीत, त्या घरात तू मांडी मोडली म्हनून सांगितलंस?"

मला अजून कळेना. चाँदभाईंना कळलं. ते हसायला लागले, मग माझ्याकडं बघून थांबले.

"मांडी मोडली म्हंजे बैठक मोडली," शालूबाई म्हणाली. "बोलनं मोडलं. दत्तक जात न्हाई, येत न्हाई, मार्गशीर्षाचं ठरवू नका. त्यांनी दुसरं काय समजावं? तुजं हाड मोडल्यालं त्यांना ठावंच न्हाई."

 हौशीरामनं मेव्हण्याला सांगितलं, मेव्हण्यानं बैल बघता बघता सांगितलं, शब्दाला शब्द. पाय म्हणालो असतो तर चौथ्या दिवशी आई खाटेपाशी असती. डॉक्टरांचा शब्द वापरायची हौस मला.

मग आबाचा निरोप पुन्हा म्हणून बघितला. मोडली तर मोडली. जबरदस्ती कुणी केली व्हती? जितं हायस तितं सुखी ऱ्हा.

हे शब्द मी बारा दिवस तोंडात कडू धरून बसलो होतो. तेच शब्द आहेत. एकही बदललेला नाही.

सोमवार, ३ डिसेंबर

हौशीरामला बोलावून घेतलं. तो म्हणाला, मला काय ठाऊक, तू म्हनलास पाय म्हनू नको. मग मान खाजवत राहिला. आणखी काही आहे का विचारलं तर म्हणाला, मेव्हण्यानं सांगितलंय एक, पण तुला राग येईल म्हणून बोललो नाही.

गोष्ट अशी. माझा निरोप कळल्यावर बा अंबाजीला नवं धोतर नेसवून आबाच्या ओसरीवर घेऊन गेला. म्हणाला, मधला न्हाई तर धाकटा घे. आबांनी अंबाजीला जवळ बसवून घेतलं, जेवू घातलं, आणि बाला म्हणाले, "बदली बैल आणलायस व्हय रं? पोराचं मन हाय का इचार आधी. म्या पैल्या खेपेला न्हाई इचारलं, ती चूक झाली." आणि दोघांना वाटेला लावलं.

बस, एवढंच, असं हौशीराम म्हणाला. लय पानी हाय म्हनत्यात त्या इहिरीला, आन म्हातारा कुनाला द्यायला तयार न्हाई बघ.

रविवार, ९ डिसेंबर

खरं लिहितो, वही माझीच आहे. गप्प बसलो तर मी सुटलो. कुणाला न दुखवता, तोंडानं नाही न म्हणता, निव्वळ एका शब्दानं काम झालं आहे. आबांनी राग धरला नाही. ज्येष्ठापासून जे मागत होतो ते मिळालं. मद्रासला जा नाहीतर कलकत्त्याला जा, धरणारा कुणी नाही.

मग आनंद का होत नाही?

मला वाटायचं, मला आबाकडं जायचं नाही. आता वाटतं, मला कुणी देऊन टाकलेलं नको होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला आधी कळलं असतं तर मी इतकं भांडलो नसतो. बा मला देत होता. आबांनी मात्र, मी नाही म्हणालो असं कळल्यावर, पहिल्यांदा माझं मन धरलं. आणि ते मला कळलंच नाही, मी त्यांचा निरोप शिवीसारखा घेतला.

आणि त्या काकीनं काय केलं? पोरगा नको म्हणाला हे ऐकलं, आणि विचारलं काय, तर पांघरूण आहे का. शालूबाईला हे सांगितलं तर ती नाक ओढत बादली घेऊन बाहेर गेली, ती बराच वेळ आलीच नाही.

पण जायचं तर पुन्हा बा जिंकल्यासारखं होईल. हेही मनात येतं. दिवसभर या कुशीवरून त्या कुशीवर जाऊन विचार केला असता, पण कूस बदलता येत नाही. पिशवी धरून ठेवते.

शुक्रवार, १४ डिसेंबर

चौकट काढली.

मी माझीच मांडी बघितली आणि ओळखली नाही. मांस सगळं गेलं. कातडी सैल, गुडघा वर मोठा दिसतो. लोखंडी कडं घासून घासून आतल्या अंगाला केस राहिले नाहीत, तिथं हात लावला तर गुळगुळीत. कुठंतरी बघितल्यासारखी वाटली. शालूबाई म्हणाली, म्हाताऱ्याची मांडी हाय ही.

डॉक्टरांनी फीत लावून दोन्ही पाय मोजले. अर्धा इंच आखूड. म्हणाले, छान जुळलं, चपलेत चामड्याचा तुकडा घाल, कुणाला कळायचं नाही. गुडघा अजून वाकत नाही, तो हळूहळू वाकेल. मांडी घालता येईल का विचारलं. म्हणाले, वर्षभरानं, कदाचित, कदाचित पुरती नाहीच.

मी म्हणालो, आणि दुसऱ्याच्या मांडीवर बसता येईल का?

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कुणाच्या?"

मी सगळं सांगितलं. निरोपासकट. आपण शिकवलेल्या शब्दानं एक दत्तकविधान मोडलं हे ऐकून ते आधी हसले, मग खुर्ची ओढून बसले आणि अगदी रोग्याला सांगतात तसं सांगू लागले, की मांडीवर बसताना तुझ्या मांडीला काही करायचं नसतं, भार घ्यायचा तो खालच्याला. तू पाय लांब सोडून टेक. वजनाचा प्रश्न त्यांचा. किती वयाचे आहेत?

साठीचे असतील, म्हणालो. काटक आहेत.

"मग घेतील. तू आता निम्मा राहिलायस."

मुहूर्त तर येत्या आठवड्यात होता. तो आता हुकणार. दुसरा निघेल.

गुरुवार, २० डिसेंबर

कुबड्या घेऊन पहिल्यांदा बाहेर पडलो. चाँदभाईंनी टांगा आणला होता. धुकं होतं, बाजारात शेगड्यांचा धूर, गाडी आली तसे हमाल धावले. मला धावावंसं वाटलं नाही. टांग्यात पाय लांब करून बसलो आणि बघत राहिलो.

पोस्टात मनीआर्डरीचा कागद घेतला. खाली दोन ओळी लिहायला जागा असते. चाँदभाई म्हणाले, काय वाट्टेल ते लिही, फक्त मांडी लिहू नको. पहिला कागद खराब झाला, दुसऱ्यावर शाई सांडली. तिसऱ्यावर लिहिलं:

"आबास महिपतीचा नमस्कार. आक्टोबरात गाडीवरून पडून माझा उजवा पाय मोडला, म्हणून येणं झालं नाही. निरोप उलटा पोचला. माझं मन आहे. काकीस घेऊन या. पांघरूण नाही."

पांघरूण आहे. दवाखान्यानं दिलंय, शालूबाईनंही एक दिलंय. पण तसं लिहिलं. का ते ठाऊक नाही, ती घेऊन येईल म्हणून असेल.

बालाही एक कार्ड टाकलं. पाय मोडलाय, काळजी नको, आबा येणार आहेत, तुम्हीही आईला घेऊन या. भांडण काही लिहिलं नाही. ते बोलायचं तर समोर बसून बोलू.

पोस्टातला कारकून म्हणाला, एवढे कशाला पाठवतोस, लोणावळ्यापर्यंतच्या दोन तिकिटांना याच्या निम्मेही लागत नाहीत. मी म्हणालो, परत जायचंही धरलंय. तो म्हणाला, ते इथं आले की तू इथं दे, आर्डरीचं कमिशन वाचेल. बरोबर होतं त्याचं. पण तिकीट आबांनीच खिडकीवर उभं राहून काढायला हवं, माझंसुद्धा. घरची माणसं प्रवासाला निघाली की घरातलं मोठं माणूस काढतं. हे त्याला कुठं सांगत बसू.

मोटार आणि गाडी मिळून एका माणसाला अडीच रुपये पडतात. दोघांचं येणं आणि तिघांचं जाणं, असे बारा रुपये आठ आणे पाठवले.